आधी टोकापर्यंत

जुनी काठी बुंध्याशी सडली होती.
चावी खुपसली तर भिजल्या पावात जावी तशी आत गेली,
आणि मी, उर्पो, या इमारतीचा रखवालदार,
तीस हिवाळे तिच्याखाली बर्फ ओढत होतो.

मग सभा. कपडे वाळत घालायच्या खोलीत,
दोरीवर कुणाचे तरी लोकरी मोजे,
वेलदोड्याचा गोड पाव, पातळ कॉफी,
टेबलावर तीन काठ्यांची चित्रं.
पाइनची: दर तीन वर्षांनी रंग.
अ‍ॅल्युमिनियमची: वीज पडली तर? कुणीतरी म्हणालं
आणि त्यावर पाऊण तास गेला.
फायबरची: पांढरी, दहा मीटर, पायाशी बिजागरी,
एकटा माणूसही आडवी करू शकेल.
"एकटा माणूस" म्हणताना सगळे माझ्याकडे बघत होते.

सायमी तोल्वानेन, दुसरा मजला, तलावाकडची खिडकी,
नमुन्याच्या तुकड्यावर बोटाचं पेर आपटून म्हणाली,
पोकळ आहे.
मग म्हणाली, पोकळ तर पोकळ, पण दोरी आतून घ्या.
बाहेरची दोरी वाऱ्यात रात्रभर टकटकते,
वसुलीवाल्याने दार वाजवावं तशी.
आतल्या दोरीला दोनशे साठ युरो जास्त.
बाहेरच्या दोरीसाठी हात वर करा.
अकरा हात.
सायमीने आपले दोन्ही हात पर्समध्ये घातले.

मे महिन्यात काठी आली,
ट्रकबाहेर तिचं शेपूट, शेपटाला लाल फडकं.
पाणसळ लिबानने धरली, तो बस चालवतो, त्याची नजर सरळ:
डावीकडे, अजून, अजून थोडी, बास.
झेंड्याची रुंदी काठीच्या सहाव्या हिश्शाएवढी.
त्याहून मोठा घेतला
तर काठी बिचारी ओझं धरून उभ्या नोकरासारखी दिसते.
वरच्या कोपऱ्याला लाकडी खुंटी, ती फाशात आडवी.
खालचा कोपरा मात्र गाठीने:
एक पदर फाशातून वर, मागून वळसा,
स्वतःच्याच खालून बाहेर.
ओढली की आवळते, ढकलली की सुटते.
बापाने शिकवली होती, ओंडके ओढणाऱ्या बोटीवर,
तीनदा, एक शब्द न बोलता.

रोज संध्याकाळी मी दोरी काठीपासून दूर ओढायचो
आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने कुंपणाला बांधायचो.
सायमीला सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.
एकदा फक्त माझ्या दाराच्या मुठीला
ब्लूबेरीची पिशवी अडकवलेली होती, चिठ्ठीशिवाय.

फेब्रुवारी. उणे एकवीस.
तिच्या मुलीचा फोन तुर्कूहून, सकाळी सातला.

अर्ध्यावर म्हणतात, पण अर्ध्यावर नसतो तो,
एक तृतीयांश खाली असतो.
आणि थेट तिथे थांबवायचा नाही.
आधी टोकापर्यंत न्यायचा, सावकाश,
वरच्या गोळ्याला टेकेपर्यंत, मग खाली.
उतरवतानाही तसंच. पुन्हा टोकापर्यंत,
तेव्हा कुठे घरी.

गाठीसाठी हातमोजे काढले.
दोरी तारेसारखी झाली होती.
पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा पदर कुठून आला तेच कळेना.
लिबान बसस्टॉपवरून बघत उभा राहिला,
त्याने त्या दिवशी पहिली फेरी उशिरा काढली.
वारा नव्हता. कापड फडकलं नाही,
थंडीत वाळत घातलेल्या चादरीसारखं ताठ लटकलं,
आणि त्याची सावली दुसऱ्या मजल्याच्या काचेवर
दुपारभर मुक्कामाला होती.

साडेचारला उजेड गेला.
झेंडा घडी करून कपाटात ठेवला.
ट्यूब बांधायची राहिली. विसरलो की कसं, सांगता यायचं नाही.

रात्री तलावावरून वारा सुटला.
माझी खोली मागच्या बाजूला, गाड्या लावतात तिकडे.
तिथे ती दोरी ऐकू येत नाही, कधीच आली नाही.
तरी दोनला उठलो, पायजम्यावर कोट, पायांत बूट.
टक. टक टक. टक.
वरच्या खिडकीत कुणी पडदा सारला नाही.

दोरी ओढली, ट्यूबने बांधली.
मग, कुणी बघत नाही याची खात्री करून,
काठीवर पेर आपटून पाहिलं.

पोकळच आहे.